मापाची सीट

माझी धाकटी मावशी चार फूट दहा इंच उंच आहे, आणि तिच्या तोंडावर तिला बुटकी म्हणून धड घरी गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. इस्पितळात तिला पाठीमागे ‘लवंगी’ म्हणतात, लवंगी मिरचीतली. तिला ते ठाऊक आहे. "म्हणेनात का," ती म्हणते, "निदान भोपळी तर म्हणत नाहीत."

ती परिचारिका आहे, पण वॉर्डात नसते. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना इस्पितळापर्यंत आणणं जिकिरीचं, त्यांच्या घरी ती जाते. सकाळी सात ते दुपारी दोन. जखमा धुते, पट्ट्या करते, लघवीची नळी बदलते, इंजेक्शनं देते. पण तिचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो माणसाला नीट निजवण्यात. कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला घासू द्यायच्या नाहीत. "निम्मं दुखणं आजाराचं असतं आणि निम्मं वेडंवाकडं पडून राहण्याचं," हे तिचं वाक्य आम्हा भाचरांना पाठ आहे, कारण सोफ्यावर लोळताना ते हमखास ऐकावं लागतं.

या फेऱ्यांसाठी इस्पितळाने एक लहानशी पांढरी गाडी दिली होती. मावशी तिला ‘डबी’ म्हणायची. अकरा वर्षं तिने ती चालवली, एक ओरखडा न पाडता. दोननंतर तीच गाडी दुसऱ्याकडे जायची. तो गावभरच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत आणून द्यायचा. उंची सहा फूट तीन इंच. त्याला सगळे ‘ताड’ म्हणायचे आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा. मावशीची त्याची गाठ कधी पडलीच नव्हती. ती किल्ली खिडकीत ठेवून निघायची, तो पंधरा मिनिटांनी ती उचलायचा. त्याची तिला जी काय ओळख होती ती सीटवरून. सकाळी दार उघडावं तर सीट पार मागे गेलेली, पाठ आडवी पडलेली आणि आरसा छताकडे बघतोय.

मग मावशी आत बसायची, सीटखालचा दांडा वर ओढायची आणि स्टिअरिंगला धरून स्वतःला सीटसकट पुढे खेचायची. खट् आवाज झाला की पाठ उभी करायची, आरसा खाली घ्यायची आणि दोन ठरलेल्या शिव्या देऊन निघायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

एका सोमवारी सीट हललीच नाही.

तिने दांडा ओढला, पाय रोवले, जोर लावला. सीट बोटभर पुढे सरकली आणि कशाला तरी धडकून थांबली. मागच्या सीटवर गुडघे टेकून तिने बॅटरीच्या उजेडात खाली पाहिलं, काही दिसेना. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पहिल्या घरी साखरेच्या इंजेक्शनसाठी एक म्हातारा उपाशी बसला होता. त्या दिवशी मावशी सीटच्या कडेवर टेकून, पाठीला काहीही आधार नसताना, नऊ घरं फिरली. क्लच तळापर्यंत दाबायला तिला पायाचा अंगठा ताणून कंबर वाकडी करावी लागत होती.

दोन वाजता ती वाहनविभागाच्या साहेबांकडे गेली. हे साहेब गाड्यांच्या किल्ल्या, दुरुस्त्या आणि रजिस्टरं सांभाळत. मानेभोवती सदैव पट्टीत अडकवलेला चष्मा आणि बोलताना समोरच्याकडे न बघण्याची सवय.

"साहेब, सीट अडकली आहे. पुढे येत नाही."

"गाडी चालतेय ना?"

"गाडी चालतेय. मी चालत नाहीये."

"मग एखादी उशी घ्या, सिस्टर. तुमची उंची जरा..." साहेबांनी हाताने हवेत एक माप दाखवलं. ते माप टेबलाच्याही खाली होतं.

त्या हाताचा राग मावशीने घरी आणला. माझे काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपी आहेत. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं मशीन आहे. ते गरीब स्वभावाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी दोन उश्या शिवल्या, एक बुडाखाली घ्यायला जाड, एक पाठीमागे ठेवायला त्याहून जाड. मावशी त्यांच्यावरच उखडली. "म्हणजे तुम्हीपण उशीच द्या! अहो, गिऱ्हाइकाला सदरा लांब झाला तर तुम्ही सदरा आखूड करता की गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करता?"

काका म्हणाले, "सदरा माझ्या हातात असतो गं. गाडी आहे का?"

अर्ज मी टाइप केले. पहिला नम्र होता. ‘कृपया’ दोनदा होतं त्यात. पंधरा दिवसांनी दुसरा केला, त्यात ‘कृपया’ एकदा. तिसऱ्यात मावशीने सांगितलेली चार वाक्यं मी घातलीच नाहीत, नाहीतर नोकरी गेली असती. उत्तर एकदाच आलं, तेही तोंडी: मिस्त्रीला वेळ झाला की बघेल, आणि इतर कुणाची तक्रार नाही. मिस्त्री म्हणे, लेखी आदेशाशिवाय हात लावणार नाही. आदेश साहेबांनी द्यायचा. साहेब म्हणे, मिस्त्रीने आधी दोष लिहून द्यावा. दोघं एकमेकांपासून वीस पावलांवर बसत होते.

साडेतीन महिने असे गेले. मावशीची कंबर धरायला लागली. मग डाव्या मांडीतून एक कळ पोटरीपर्यंत उतरायला लागली. पावलाची दोन बोटं बधिर झाली. खालची उशी पुढे सरकायची, पाठीमागची खाली घसरायची, प्रत्येक सिग्नलला ती दोन्ही नीट करायची. तिचा एक जुना रुग्ण होता, निवृत्त मास्तर, कमरेखाली लुळा. तिला दारातून आत येताना पाहून एक दिवस म्हणाला, "सिस्टर, तुम्ही झोपा इथे. मी उठतो."

मावशी हसली नाही. त्याच्या पाठीखालची चादर ताणून ती म्हणाली, "मास्तर, मी तुम्हाला रोज चार उश्यांनी नीट बसवते आणि मला दोन उश्यांवर नीट बसता येत नाही. डोकं फिरायची वेळ आलीय."

मी तिला सांगितलं होतं, मावशी, चालवायचं बंद कर, सरळ नाही म्हण. तर माझ्यावर खेकसली. "आणि पट्ट्या कोण करणार? तू?"

मग व्हायचं ते झालंच. सकाळचे साडेदहा. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. मावशी सावकाशच चालली होती. समोरच्या एका उभ्या गाडीतल्या माणसाने मागे न बघता धाडकन दार उघडलं. तिने ब्रेक मारला. मारला म्हणजे मारायला गेली. पाठीमागची उशी त्याच क्षणी खाली बसली, मावशी मागे कलंडली आणि पाऊल ब्रेकच्या कडेवरून घसरलं. तिने स्टिअरिंग फिरवलं. तो माणूस वाचला, दार वाचलं, आणि डबी एका फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. पुढचा दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला. मावशीची छाती स्टिअरिंगवर आपटली आणि मनगट मुरगळलं. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "बाईचा पाय पोचत नाही वाटतं." मावशी सांगते, मनगटापेक्षा ते जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद आला. प्राथमिक अहवाल. त्यात लिहिलं होतं: ‘वाहनात कोणताही दोष आढळला नाही. अपघाताचे कारण: चालकाची शारीरिक अपात्रता.’ खाली सूचना होती, की सदर परिचारिकेला फेऱ्यांमधून काढून औषधांच्या गोदामात बसवावं. शुक्रवारी चौकशी समिती बसेल. येथे सही करा.

"शारीरिक अपात्रता," मावशीने ते शब्द मला तीनदा वाचून दाखवले. प्रत्येक वेळी आवाज आणखी हळू. ती ओरडते तेव्हा भीती नसते. हळू बोलायला लागली की आम्ही भांडी आवरून घेतो. "अकरा वर्षं पात्र होते. साडेतीन महिन्यांत मी आखूड झाले का गं?"

सही तिने केली नाही. पण तिचा खरा राग ताडावर होता. त्यानेच सीट मागे नेऊन अडकवून ठेवली, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. गुरुवारी दुपारी ती त्याला गाठायला इस्पितळाच्या आवारात गेली. एका हाताला पट्टी होती म्हणून कागदांची पिशवी धरायला मला बरोबर घेतलं. चौकशी होईपर्यंत डबी तिथे भिंतीला लागून उभी होती, एक डोळा फुटलेली. दोन वाजून दहा मिनिटांनी ताड आला. बिचारा त्या दिवसांत नमुन्यांची पेटी घेऊन बसने फिरत होता.

"काय रे ए ताडा!" मावशी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला लागत होतं. "लाज नाही वाटत? सीट अडकवून ठेवलीस, मी साडेतीन महिने लोंबकळत गाडी चालवतेय! एका माणसाच्या आरामासाठी दुसऱ्याने मरायचं का?"

तो गोंधळला. "सिस्टर, तुम्ही ठोकळा काढत नव्हता?"

"कसला ठोकळा?"

त्याने पेटी खाली ठेवली, गाडीचं दार उघडलं, पायाखालचं मॅट उचललं आणि सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळात हात घालून एक लाकडाचा तुकडा उपसून काढला. काडेपेटीएवढा, काळा रंग दिलेला. "हा," तो म्हणाला. मग त्याने नुसत्या बोटाने सीट ढकलली आणि ती सुळकन पुढे गेली.

मावशीने मागून, सीटच्या पाठीकडून पाहिलं होतं. ठोकळा पुढे होता, मॅटच्या खाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ताडाने सांगितलं ते असं. सीट जागच्या जागी धरून ठेवणारा खटका रुळातल्या खाचांमध्ये बसतो. मागच्या खाचा त्याच्या वजनाने झिजून गेल्या होत्या, पुढच्या शाबूत होत्या. त्यामुळे मावशीला कधी त्रास झाला नाही, आणि त्याने ब्रेक दाबला की मात्र सीट त्याला घेऊन धाडकन पुढे जायची. एवढं बोलून त्याने तिथेच पँट वर केली. दोन्ही गुडघे काळेनिळे होते, एकावर जुन्या जखमेचा व्रण. "डॅशबोर्ड," तो म्हणाला. "दिवसातून दहा वेळा. अर्ज दिला. साहेब म्हणाले, गाडी चालतेय ना, पाय आखडून बस. मग मी घरीच ठोकळा कापला. मॅटखाली घातला, बुटात अडकू नये म्हणून. आणि लगेचच्या सोमवारी सकाळी मुद्दाम येऊन दुसरा अर्ज दिला, त्यात लिहिलं, ठोकळा लावलाय, सकाळच्या सिस्टरांना कळवा, त्यांनी काढून घ्यावा. मला वाटलं तुम्ही रोज काढता आणि जाताना परत लावता. मी मनातल्या मनात तुमचे आभार मानायचो."

"आभार," मावशी म्हणाली.

"तो अर्ज आहे माझ्याकडे. नमुना दिला की सही घेतल्याशिवाय मी हलत नाही, अर्जाचंही तसंच."

दुसऱ्या दिवशी त्याने आणलेल्या कागदावर कोपऱ्यात साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाहिले.’ खाली सही, तारीख. तारीख होती त्या सोमवारची, जेव्हा मावशी पहिल्यांदा साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सीट अडकली म्हणून सांगत होती आणि ते तिला उशी घ्या म्हणत होते. कागद त्या दिवशी सकाळीच त्यांच्या हाताखालून गेला होता.

मी माणसांना रागाने लाल झालेलं पाहिलंय. मावशी पांढरी झाली.

समिती दुसऱ्या मजल्यावर बसली होती. मधे एक वयस्क डॉक्टर, उजवीकडे मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या वरिष्ठ, आणि डावीकडे, विश्वास बसणार नाही पण, साहेब स्वतः. मला दारातच थांबवलं, पण दार उघडं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "बसा, सिस्टर."

"बसते. पण इथे नाही. खाली गाडीत बसून बोलू."

"कामकाज नियमाप्रमाणे..." साहेबांनी सुरुवात केली.

"नियमाप्रमाणे अपघात गाडीत झाला, खुर्चीत नाही. उतरा खाली."

का कुणास ठाऊक, डॉक्टर उठले. ते उठले म्हणून बाकीचे उठले. आवारात ताड ठोकळा घेऊन उभाच होता. मावशीने त्याच्याकडून तो रुळात पुन्हा बसवून घेतला आणि साहेबांना म्हणाली, "बसा. बघा."

साहेब बसले. हात लांब करून त्यांनी स्टिअरिंग धरलं, क्लच दाबून पाहिला आणि म्हणाले, "मला तर अगदी बरोबर बसतंय."

त्या एका वाक्यासाठी त्यांना गाडीतून ओढून काढायचं माझ्या मनात आलं होतं. मावशीने नुसतं दार धरून ठेवलं. "उतरा. मेट्रन, तुम्ही बसा."

मेट्रन मावशीपेक्षा फार तर दोन बोटं उंच. या प्रकरणात त्या पहिल्यापासून साहेबांच्या बाजूने होत्या, गोदामाची सूचनाही त्यांचीच असं म्हणत. साडी सावरून त्या बसल्या. पाय पुढे केला. मग आणखी पुढे केला. मग सीटवरून घसरत घसरत त्यांची हनुवटी स्टिअरिंगच्या उंचीला आली. आवारात दोन-चार वॉर्डबॉय जमले होते, पण हसलं कुणी नाही.

"क्लच लागत नाही," मेट्रन म्हणाल्या.

"आता ब्रेक मारा. समोर माणूस आहे असं समजा."

मेट्रननी पाय उचलला आणि तो पेडलच्या कडेवरून निसटला. मग डॉक्टरांकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला दोष नाही म्हणून सांगितलंत."

"कुणाची लेखी तक्रार नव्हती," साहेब म्हणाले.

मावशीने हात मागे केला. मी पिशवीतून तीन अर्ज काढून दिले, आवक शिक्क्यासकट. ताडाने आपले दोन पुढे केले, वरचा ‘पाहिले’वाला. डॉक्टरांनी चष्मा बदलून तो वाचला आणि बराच वेळ तो कागद परत दिला नाही.

"साहेब," मावशी म्हणाली, आणि आता ती अगदी हळू बोलत होती, "याचे गुडघे फुटले तेव्हा तुम्ही त्याला पाय आखडायला सांगितलंत. माझे पाय पोचेनात तेव्हा मला उशी घ्यायला सांगितलंत. मॅटखालून लाकडाचा तुकडा काढा, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. आणि अपात्र मी?"

साहेबांनी काहीतरी उत्तर दिलं, कामाचा ताण वगैरे. ते ऐकायला मावशी थांबली नाही.

निकाल आठवड्याने आला. गोदामाची सूचना रद्द. मिस्त्रीने दोन तासांत रूळ आणि खटका बदलला. दोन तासांत! पण अंतिम अहवालात कारण लिहिलं होतं, ‘यांत्रिक दोष व चालकाची असावधानता, दोन्ही’. साहेबांना समज दिली गेली, तोंडी. म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. मावशीने अहवालावर आडव्या मोठ्या अक्षरांत ‘अमान्य’ लिहिलं आणि त्याखाली सही केली. पुन्हा लिहून आणला तर पुन्हा तेच लिहीन म्हणाली. तो कागद अजून तसाच फायलीत आहे.

डबी रंगून परत आली त्या रविवारी काका गळ्यात टेप अडकवून आवारात हजर झाले. ताडालाही बोलावलं होतं. मावशी म्हणत होती, मला बसता येतं, मापं कशाला. काका म्हणाले, "अगं, अकरा वर्षं तू अंदाजाने बसलीस. एकदा मापाने बसून बघ." त्यांनी तिला आधी पार मागे रेलून बसवलं, कंबर सीटच्या सांध्यात नेऊन. क्लच तळापर्यंत दाबायला लावला आणि तरीही गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी सीट पुढे आणली. पाठ एकेक खूण उभी करत नेली, हात सरळ केले की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकेपर्यंत. सीट वर उचलायचा एक चक्का होता बाजूला, तो त्या गाडीला आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. तो फिरवला तशी मावशीला बॉनेटची कड दिसायला लागली. पंधरा मिनिटं गेली.

मग ताडाची पाळी. त्याला बसवायला जास्त वेळ लागला, आणि तो उतरताना म्हणाला की सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा गुडघा कशाला लागला नाही. काकांनी रुळाच्या कडेला दोन रेघा मारल्या, लाल मावशीची, निळी त्याची.

मावशीची कंबर दोन महिन्यांनी सुधारली. पावलाची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणाले, जाणीव कदाचित परत येईल, कदाचित नाही. रात्री पायात मोजा घालताना ती ती बोटं चिमटून बघते.

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त झाले. दुपारी तीनच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मेट्रन स्वतः मावशीला बोलवायला आल्या. "आता राग सोडा, सिस्टर. एवढी वर्षं एकत्र काम केलं."

"मास्तरांची पट्टी बदलायची आहे," मावशी म्हणाली.

पट्टी खरंच बदलायची होती. ती बदलून झाल्यावरही ती मास्तरांकडे साडेचारपर्यंत बसून राहिली, पेपर वाचून दाखवत.